पहिलं गिऱ्हाईक

नाशिकच्या सरकारी दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीत कुसाबाईनं नुकतंच दूध तापवलं होतं. इगतपुरीकडचा एक माणूस तांब्या घेऊन आला. “मावशी, आजारी आईनं आज स्वतःच्या तोंडानं दूध मागितलं. उधार द्या, सांजच्याला पैसे देतो.” कुसाबाईचा हात थबकला. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, रोखीनंच व्हायची. नवऱ्यानं हयातभर पाळलेला नेम तिनं त्याच्यामागंही मोडला नव्हता. “अजून भवानी नाय झाली रे. उधार नको, असंच ने.” “फुकटचं आईला नाय पाजायचं, मावशी.” तो वळला. रस्त्यावर दुसरं गिऱ्हाईक दिसत नव्हतं. “थांब!” कुसाबाईनं कनवटीचं नाणं काढलं, डोळ्यांना लावलं आणि गल्ल्यात टाकलं. कपात चहा ओतून ती गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसली, तोंड पोळवत चहा प्यायली. मग उठून तिनं तांब्या काठोकाठ भरला. “झाली भवानी. आता ने उधार.”