पट्टीखालचा रकाना

"अविवाहित," असं म्हणून तपासनीसाने पाचव्या रकान्यावरची पुठ्ठ्याची पट्टी उचलली. खाली तेच होतं. पैज हरलेला शिक्केवाला चहा सांगायला उठला.

खेळ साधा होता. कचेरीत पाहणीचे फॉर्म यायचे, जोडप्यांचे. नावाचं पान आधीच फाडून कपाटात बंद केलेलं असे, टेबलावर यायचे ते नुसते रकाने. लग्न झालंय की नाही ते पाचव्यात. तेवढा झाकून तपासनीस बाकीचे वाचायचा आणि निकाल द्यायचा. मुलंबाळं, स्वतःचं घर, वर्षानुवर्षं एकच पत्ता, म्हणजे विवाहित. भाड्याची खोली, मुलं नाहीत, बाई जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी, म्हणजे बिनलग्नाची. क्वचित चुकलाच, तर लोकांना साधा फॉर्म भरता येत नाही म्हणून लोकांवरच चिडायचा.

"तुमच्या घरचा फॉर्म आला तर?" शिक्केवाल्याने परत येत विचारलं.

"गिझरच्या बटणावरून भांडता का, असा रकाना असता, तर आमचा पहिला नंबर."

"सांगतो वहिनींना."

तपासनीस हसला, पुढच्या फॉर्मवर पट्टी ठेवली आणि त्याचं हसू तिथेच थिजलं.

सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ होती. असा सात तो रोज घरी फ्रीजवरच्या तिच्या चिठ्ठीत बघत होता. बाईचं वय सेहेचाळीस. जन्मतारीख तिची. काम, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणे. पुरुष अठ्ठावन्न, कमाई नाही. खोली भाड्याची, मुलं नाहीत. "जोडीदार या घरी केव्हा असतो?" यापुढे एकच शब्द होता, "गुरुवारी".

दर गुरुवारी ती मावशीकडे जायची.

"बोला की," शिक्केवाला म्हणाला.

"अविवाहित."

"पट्टी तर उचला."

"गरज नाही," असं म्हणून तपासनीसाने फॉर्म पट्टीसकट पिशवीत टाकला. असलं प्रकरण शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

संध्याकाळी ती चष्मा डोक्यावर सरकवून मटार सोलत बसली होती. तो समोर बसला. गेली अकरा वर्षं ही बाई त्याच्या शेजारी झोपत होती, त्याच्या घोरण्याची तक्रार करत होती, त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. आणि तिच्या आठवड्यातला एक दिवस दुसऱ्याच कुणाचा होता. त्या माणसाचं तोंडही न बघता त्याला त्याचा हेवा वाटला.

"मावशी कशी आहे?"

"आहे तशीच. दिसत नाही आता तिला."

"या गुरुवारी मीही येतो."

"तू कशाला? तिला नवीन माणसाचा त्रास होतो." तिने मान वर केली नाही.

त्याने जुनाच विषय काढला. घर घेतलं तेव्हाच उरकून टाकायचं ठरलं होतं आणि राहून गेलं होतं.

"आपला तो लग्नाचा कागद करून टाकू या का एकदाचा?"

"आज हे कुठून आठवलं?" ती हसली. "अकरा वर्षं अडलंय का काही? कागदाने काय होतं?"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. बंद कपाट उघडलं, फॉर्मच्या क्रमांकावरून पत्ता काढला आणि दुपारी त्या दारावर जाऊन उभा राहिला.

दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. एक हात भिंतीवर.

"पाहणीच्या कचेरीतून आलोय. फॉर्म पडताळायचाय."

"या, बसा. उजव्या हाताला खुर्ची आहे. चुकलं का काही?"

"नाही. नेहमीची तपासणी आहे."

येताना त्याने मनात एक देखणा, रंगेल माणूस उभा केला होता. हा तर धडपडत त्याच्यासाठी पाणी आणायला गेला. खिडकीला निळा पडदा होता. घरी स्वयंपाकघराला याच कापडाचा पडदा होता. उरलेलं कापड मावशीला दिलं, असं ती म्हणाली होती.

"फॉर्म तिनेच भरलाय," माणूस पेला पुढे करत म्हणाला. "दिसायचं बंद झालं तशी दर गुरुवारी येते. डोळ्यांत थेंब घालते, दाढी करून देते."

तपासनीसाने त्या गालांवरच्या सहा दिवसांच्या खुंटांकडे पाहिलं. अकरा वर्षांत तिने तपासनीसाच्या गालाला कधी वस्तरा लावला नव्हता. त्याला आता त्या माणसाच्या आंधळेपणाचाही हेवा वाटला, आणि याला शरमेने मान खाली घालायला लावल्याशिवाय उठायचं नाही, असं त्याने ठरवलं.

"पाचवा रकाना राहिला," तो म्हणाला. "तुमचं नातं काय? जपून सांगा. सरकारी कागद आहे."

"त्यात जपायचं काय? नवरा-बायको आम्ही. बावीस वर्षं झाली लग्नाला."

तपासनीसाने पिशवीतून फॉर्म काढला आणि पट्टी उचलली. खाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, विवाहित.

"राहते मात्र दुसऱ्या माणसाबरोबर, अकरा वर्षं," माणूस पुढे बोलतच राहिला. "तेव्हा तिने सुटका मागितली, मी हट्टाने दिली नाही. गेल्या वर्षी वाटलं, पुरे झालं. म्हटलं, घेऊन ये कागद, सही करतो, आणि लग्न कर त्याच्याशी. तर तीच म्हणाली, राहू दे. कागदाने काय होतं?"