पारोळ्याचं पाणी

धुळ्याच्या नव्याकोऱ्या एस.टी.त तुळसाबाई दोन भावांमध्ये बसली होती. बांधावरून भांडलेले पितांबर आणि धाकटा कौतिक सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वैतागून आई धुळ्याला मामाकडे गेली होती. दोघं मिळून न्यायला आलात तरच परतेन, असा तिचा निरोप होता. "अक्का, त्याले सांग, पाय आवर," पितांबर कुरकुरला. "तूच सांग," ती कावून म्हणाली. आईसमोरही हे तोंडं फिरवून उभे राहिले तर, या घोरानं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पारोळ्याला कौतिक तांब्या भरायला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. पितांबर ताडकन उठून ओरडला, "थांबाडा गाडी! मना भाऊ खाले ऱ्हाई गया!" "मी आठेच शे, भाऊ," मागच्या दारात उभा कौतिक म्हणाला. तुळसाबाईसकट सगळी गाडी हसली. कौतिकच्या हातातला तांब्या हिसकावून पितांबर घटाघटा पाणी प्यायला.