बिनचूक

"सेनापती कुठाय? मला तेवढंच सांगा," शिंपी खुर्चीवरून अर्धा उठत म्हणाला. "सात भाग आम्ही त्याच्या मागे रानोमाळ हिंडलो. आणि आता ही जोडकादंबरी काढली, तर अडीचशे पानं नुसता खरारा!"

वाचनालयाच्या वरच्या खोलीत हशा पिकला. वीस-बावीस माणसं जमली होती. ऐतिहासिक कादंबरीमालेचे सात भाग झाले, लेखिका वारल्या, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी हे जोडीचं पुस्तक आलं. यात सेनापती जवळजवळ नाहीच. आहे तो त्याचा मोतद्दार, घोड्यांचं दाणापाणी बघणारा, आधीच्या भागांत नुसता लगाम धरून उभा असलेला. पुस्तक कसं वाटलं ते बोलायला ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं, आणि डोकी तितकी मतं निघत होती.

"मला तर हेच सगळ्यांत आवडलं," एक शिक्षिका म्हणाली. "तो आजारी घोड्याशी बोलत बसतो ना, तिथे मला रडूच आलं."

"घोड्याशी बोलायचं, त्यात कसलं आलंय रडणं!" शिंपी म्हणाला.

"माणसं ऐकत नाहीत म्हणून बोलतो हो तो."

"मग आमच्या घरी ये म्हणावं त्याला. तिथे माझंही कुणी ऐकत नाही, पण त्यावर कुणी पुस्तक काढत नाही!"

पुन्हा हशा. मागच्या रांगेत कडेला बसलेले डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे, त्यातही घोड्यांचे. पस्तीस वर्षं तबेले पालथे घातले. पेशंट सगळे मुके, त्यामुळे गप्पा मारायची सवय लागली नाही ती नाहीच. पुढे तबेले बंद पडले, मग बायको गेली. आता दिवसचे दिवस असे जात, की संध्याकाळी दुकानात साबण मागताना आपलाच आवाज त्यांना परका वाटे.

एक पत्रव्यवहार तेवढा होता. मालेच्या पहिल्याच भागात सेनापतीच्या घोड्याला विषबाधा होते आणि तो भडाभडा ओकतो. डॉक्टर ताडकन उठून बसले होते. घोड्याला उलटी होत नाही! मेला तरी होत नाही! त्यांनी लेखिकेच्या घरी चार पानी पत्र धाडलं. पंधरा दिवसांनी एक कार्ड आलं. 'चूक मान्य. पुढच्या भागावरही लक्ष ठेवावे.'

डॉक्टरांनी ठेवलं. दुसऱ्या भागात खेचराला शिंगरू झालं. पुन्हा चार पानं, पुन्हा एक कार्ड. वीस वर्षांत सात भाग, सात चुका. दर भागात नेमकी एक आणि तीही घोड्यापाशीच. तोफेत किती दारू ठासायची ते चिमटीपर्यंत बरोबर सांगणाऱ्या बाई घोडा आला की कशा घसरतात, याचं डॉक्टरांना नवल वाटे.

"कशाला त्या बाईच्या डोक्याला ताप देता?" बायको म्हणायची. "तुमचं पाकीट दिसलं की कपाळाला हात लावत असेल ती."

बायको गेली, पण हे वाक्य घरात राहिलं. खरंच कंटाळत असतील का त्या? एका ओळीच्या कार्डावरून काय कळणार? आणि आता विचारणार तरी कुणाला?

हे आठवं पुस्तक त्यांनी हातात पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. पत्र पाठवायला पत्ता उरला नव्हता, तरी चूक सापडली असती तर लिहिलं असतं. अख्खं पुस्तक घोड्यांचं आणि चूक एकही नाही. डॉक्टरांना फार लागलं ते. जाता जाता बाईंनी आपलं तोंड बंद केलं, असं त्यांना वाटलं.

"डॉक्टर, तुम्ही बोला की," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "घोड्यातलं इथे दुसऱ्या कुणाला कळतंय?"

डॉक्टर उभे राहिले. घसा साफ करायलाच त्यांना वेळ लागला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "बाईंनी कुणाला तरी नीट विचारून घेतलेलं दिसतंय. बरं केलं. उठल्यासुटल्या चुका काढणाऱ्यांचा जाचच होत असेल त्यांना."

ते बसणार, तोच पुढच्या रांगेतली तरुणी मागे वळली. ती प्रकाशनाची नवी संपादिका होती, वाचकांचं म्हणणं ऐकायला मुद्दाम आलेली.

"अहो, थोडं श्रेय मलाही द्या!" ती खुशीत म्हणाली. "होती ना एक चूक. बाईंनी लिहिलं होतं, घोडी सहा महिन्यांत व्याली. मी चौकशी करून अकरा केले."

"सहा?" डॉक्टर म्हणाले. "सहा कसे लिहितील? पुस्तक मोतद्दाराचं आहे. हे शेंबड्या पोराला कळेल."

"तेच तर! आणि आधीचे संपादक मला बजावून गेले होते, बाईंच्या प्रत्येक पुस्तकात एक चूक असते, तिला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हे बरं आहे! गेलेल्या माणसाचं शेवटचं पुस्तक, ते चुकीसकट कसं छापू? तसं बाईंनी समासात काहीतरी लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ ऑफिसात कुणालाच लागला नाही."

"काय लिहिलं होतं?"

संपादिकेनं क्षणभर आठवून पाहिलं.

"'ही चूक काढू नका. काढलीत, तर त्यांचं पत्र येणार नाही.'"