जुळलेला ताळेबंद

शेवटची घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि काकांचा ताळेबंद काही केल्या जुळत नव्हता. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात, एवढं तर कॉमर्सचं शेंबडं पोरही सांगेल. काकांची उजवी बाजू फुगलेली आणि डावी रोडावलेली.

ऑफिसात असं झालं की फरक गुपचूप तात्पुरत्या उचंत खात्यात टाकायचा, चहा प्यायचा आणि मग सावकाश शोधायचा. इथे एम.कॉम.ची परीक्षा होती. पन्नाशीला टेकल्यावर हौसेने ओढवून घेतलेली. "अहो, अख्ख्या कंपनीचे हिशेब सांभाळतात हे, यांना कसली आलीय परीक्षा!" असं बायको सगळीकडे सांगत सुटली होती. नापास झालो तर कुठल्या तोंडाने घरी जायचं?

शेजारच्या बाकावर चष्मेवाली होती. काकांच्या लेकीच्या वयाची, वर्गातली सगळ्यात हुशार. मघाशी वाकून तिने खुणेनेच काकांची पट्टी मागून घेतली होती. आता ती बेरजेखाली दुहेरी रेघ मारत होती.

काकांची मान वळली. वळू नये असं वाटत असतानाच वळली. तिची बेरीज थेट त्यांच्या उजव्या बाजूइतकी! म्हणजे उजवी बरोबर, घोळ डावीकडे. शोधायला वेळ कुठे होता? त्यांनी डावीकडे 'इतर देणी' असं एक बिनबुडाचं कलम घुसडलं आणि बेरीज जुळवून टाकली. जन्मात कधी कॉपी केली नव्हती. केली ती या वयात! कान तापले होते.

निकालाआधीच सरांनी चष्मेवालीला बोलावलं. तिच्या आणि काकांच्या पेपरात एकच बेरीज होती आणि ती साफ चुकीची होती. काकांना कुणी विचारलंही नाही. इतका मुरलेला माणूस पोरीचं कशाला बघेल? आता तिचा पेपर रद्द होणार, वर्ष जाणार, अशी वर्गात कुजबुज सुरू झाली.

जिन्यात ती भेटली. डोळे सुजलेले.

"काका, सर तुम्हाला काही बोलले?"

"नाही गं."

"बरं झालं. तुम्हाला उगाच त्रास नको." एवढं बोलून ती खाली मान घालून निघून गेली.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने आपल्याला बघताना पाहिलंय आणि तरी आपल्यालाच सांभाळून घेतेय! घरी जेवताना लेकीने सहज विचारलं, "बाबा, लागला का निकाल?" काका ताट सारून उठले.

सकाळी ते सरांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सर, त्या पोरीला सोडा. तिची बेरीज मी बघितली. लाज वाटते सांगायला, पण काय ती शिक्षा मला करा."

सर वयाने त्यांच्याहून लहान होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, कशाला सांगितलंत हे? आता दोघांचेही पेपर रद्द करावे लागतील."

"दोघांचे? अहो, तिने काय केलंय?"

"ती कालच रडत रडत कबूल करून गेली. तिला ताळेबंद जमलाच नव्हता. ती बेरीज तिने तुमच्याच पेपरात बघून लिहिली होती."