धुतलेला झेंडा

झेंड्याची घडी उघडली आणि ज्ञानोबा गुरुजींचे हात तिथंच थांबले. मधली पांढरी पट्टी पार मातकट झाली होती. हिरव्या पट्टीवर गाळाचे डाग वाळून बसले होते. समोर पंचशीला उभी होती. इयत्ता दुसरी, केस चापून बसवलेले, आणि दोन्ही हात अजून घडी धरल्यासारखे पुढं.

"हे काय करून आणलंस?" गुरुजी ओरडले. "कुठल्या डबक्यात बुचकळलास हा?"

पोरीनं हात मागं घेतले.

साल ब्याऐंशी, पंधरा ऑगस्ट. आजपासून लातूर वेगळा जिल्हा होणार होता आणि त्या आनंदात निलंग्याहून पाहुणे या आडवळणाच्या गावात झेंडावंदनाला यायचे होते. पावसानं मात्र मृगापासून तोंड दाखवलं नव्हतं. गावच्या आडाचा तळ दिसायला लागला, तेव्हा सटवाजी सरपंचांनी घरटी पाळी ठरवली. ते सांगत गेले, गुरुजी लिहीत गेले. गावात लिहायचं काम निघालं की बोलावणं गुरुजींनाच, कारण अक्षर मोत्यासारखं. ती यादी आडाच्या भिंतीवर चिकटवली होती.

गुरुजी शिकवायचेही जीव ओतून. कुठं काही लिहिलेलं दिसलं की थांबायचं, बोट ठेवून वाचायचं आणि तसंच वागायचं, हे ते पोरांकडून रोज म्हणून घेत. गेल्या आठवड्यात त्यांनी झेंडा शिकवला. केशरी म्हणजे त्याग. पांढरा म्हणजे सत्य. हिरवा म्हणजे भरलेलं रान. हे ऐकून पोरं खिडकीबाहेरच्या करपलेल्या ज्वारीकडं बघत बसली, ते सोडा. चाकाच्या आऱ्या किती, हे एकट्या पंचशीलानं मोजून सांगितलं. चोवीस. गुरुजी खूश झाले. झेंडा घरी नेऊन धुऊन आणायचा मान त्यांनी तिला दिला आणि पाहुण्यांपुढं झेंड्याचा अर्थही तिनंच सांगायचा, असं ठरवलं.

बौद्धवाड्यातल्या लेकराला असा मान आजवर कुणी दिला नव्हता. गुरुजींना स्वतःचंच कौतुक वाटलं. घरी त्यांनी ते आईच्या कानावरही घातलं. धुरपताबाई जुन्या वळणाच्या, सोवळ्याओवळ्याच्या. त्या गप्प राहिल्या. गुरुजींनी त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावून टाकला.

आणि आता हा असला झेंडा.

"पांढऱ्याचा अर्थ काय सांगितला होता मी?"

"सत्य, गुरुजी."

"मग हे काय आहे? जा, मागं जाऊन उभी राहा. आज तू बोलायचं नाहीस."

ते शब्द परत घेता आले असते तर, असं गुरुजींना पुढं जन्मभर वाटत राहिलं. पण त्या घटकेला फाटकात जीप वाजली आणि ते धावले.

शाळेत झेंडा एकच होता. तोच वर चढला. पाहुण्यांनी मान वर केली, थोडं थबकले आणि सलामी दिली. अर्थ सांगायला ऐनवेळी सरपंचांचा नातू नरसिंग उभा राहिला. आऱ्यांपाशी तो अडला. अगदी मागच्या रांगेत पंचशीलाचे ओठ हलले. भिंतीपलीकडं तिची माय सरजाबाई धुवट लुगडं नेसून लेकीचं बोलणं ऐकायला आली होती. ती जरा वेळ थांबली आणि डोईवरचा पदर पुढं ओढून निघून गेली.

दिवस मावळताना गुरुजी झेंडा उतरवायला आले, तर पंचशीला पायरीवर बसलेली.

"गुरुजी, परत धुऊन आणू का?"

एव्हाना त्यांचा राग ओसरला होता. ते तिच्या शेजारी बसले.

"कुठं धुतलास गं?"

"वढ्यातल्या झऱ्यावर. घागर भरायला सारी दुपार जाती. मायनं फडक्यातून गाळलं, तरीबी गढूळच आलं. काल आमी पेलोच न्हाई, समदं झेंड्यालाच घातलं."

"आणि आडावर का नाही गेलीस?"

"गेलते."

काल दुपारची पाळी कुणाची, हे गुरुजींना पाठ होतं. त्यांच्याच घरची. आडावर आई बसली असणार. त्यांचं डोकं भणाणलं. आईला काय काय सुनवायचं, ते सगळं ओठावर आलं. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकंही वाटलं.

"माझ्या आईनं हाकललं ना तुला?"

"न्हाई, न्हाई!" पंचशीला घाईघाईनं म्हणाली. "आज्जी तर लई चांगल्या. त्या म्हणल्या, घे लेकरा, आमच्या पाळीतली घागर घे, झेंड्याला हाय. दोर बी सोडला होता त्यांनी आडात."

"मग घेतलं का नाहीस पाणी?"

पंचशीलानं उजव्या हाताचं बोट पुढं केलं आणि हवेतच एकेक ओळ खाली सरकवत नेलं.

"भिंतीवर यादी होती. बोट ठेवून वाचली मी, दोन डाव. आमच्या वाड्यातलं एकबी नाव न्हवतं." तिनं बोट खाली घेतलं. मग हळूच म्हणाली, "अक्षर तुमचं होतं, गुरुजी."