तिसावं माणूस

मधुमेहात किडनी बिघडू लागली की लघवीतले काही आरएनए रेणू, त्रास जाणवायच्या फार आधी वाढतात. ते स्वतः प्रथिनं बनवत नाहीत, पण आतली खबर देतात. रत्नमालाची पीएचडी त्यांच्यावरच होती. रुग्ण भरपूर मिळाले. तुलनेसाठी तीस निरोगी माणसं हवी होती, त्यात एक कमी पडत होतं. ते ऐकून शेंद्रा गावाहून तिची आई, मालनबाई, आली.

"मला काय धाड भरलीय? घे माझी लघवी."

बोटातलं रक्त तपासलं. साखर बरोबर निघाली.

महिन्याभरानं तिसाव्या बाटलीचे आकडे आले. अगदी रुग्णांसारखे. रत्नमालानं पुन्हा तपासून पाहिलं आणि थेट शेंद्रा गाठलं.

"आई, खरं सांग. तुला साखर आहे?"

मालनबाईनं ज्वारीच्या डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून पुढं ठेवली. "सहा वर्सं झाली. तपासायच्या आधी दोन दिस उपाशी राह्यले, म्हनून तुझ्या मशीनला कळलं नाय."

"अगं, किडनी बिघडायला लागलीय तुझी!" रत्नमालाला रडू फुटलं.

मालनबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. मग हळूच विचारलं,

"म्हंजी तुझं एक मानूस परत कमी पडलं व्हय गं?"