बाटलीतलं कोमट पाणी

धाकटा भाऊ आत जाऊन बराच वेळ झाला होता आणि नर्स संडासाच्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत होती.

"होत नाहीये," आतून आवाज आला.

"घाई नाही. पाणी प्या अजून," ती म्हणाली. व्यसनमुक्ती केंद्रात ती त्याला अहो-जाहो करायची. सख्खा भाऊ इथल्याच संशोधनात आहे, हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे खपून गेलं होतं.

संशोधन गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्यांवर होतं. एका गटाला नुसती औषधं, दुसऱ्याला औषधं आणि जोडीला दर आठवड्याला समुपदेशनाची बैठक. कशानं माणूस टिकतो, ते मोठ्या डॉक्टरांना बघायचं होतं. धाकट्याच्या वाट्याला नुसत्या औषधांचा गट आला होता. नर्सचा त्या गटावर काडीचा विश्वास नव्हता. गोळ्या गिळून कुणी सुधारतं होय?

आज त्याची शेवटची लघवी तपासणी. ती स्वच्छ आली तर वर्कशॉपचा मालक त्याला पुन्हा लेथवर घेणार होता. नाही आली तर तोंड दाखवू नकोस, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. दुसरं कोण देणार होतं काम अशा माणसाला?

आणि काल संध्याकाळी तो तिच्या घरी आला, तेव्हाच नर्सला संशय आला होता. एका जागी बसेना. समोरच्या ताटाला हात लावला नाही. कपाळाला घाम. अशी माणसं बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, तिला वेगळं सांगायला नको होतं.

"ताई, जरा बोलायचं होतं," तो म्हणाला होता.

"उद्या तपासणी होऊ दे. मग काय ते बोल."

कबुली ऐकायची तिची तयारीच नव्हती. ऐकली असती तर पुढचं करता आलं नसतं.

तेवढ्यात लेक पाणी प्यायला बाहेर आली आणि मामाला बघून तशीच आत वळली. परीक्षेच्या अभ्यासानं पोरगी वाळून काटकी झाली होती. जेवणखाण सुटलेलं, रात्रभर जागरण, दिवसा डोळा लागायचा. हाक मारली तरी अंगावर यायची.

"बघ, जरा शीक तिच्याकडून," नर्स भावाला म्हणाली. "याला म्हणतात झोकून देणं."

धाकटा भाचीच्या बंद दाराकडे बघत बसला. नर्सला वाटलं, लाजला असेल.

आज सकाळी निघताना तिनं लेकीच्या हातात छोटी बाटली दिली. "लघवीला जळजळतंय म्हणत होतीस ना? यात दे. दाखवून घेते."

"कुठे? तुझ्या केंद्रात?"

"छे. शेजारच्या दवाखान्यात."

"काय काय बघतात त्यात?"

"साखर, जंतू. अजून काय बघणार?"

लेकीनं बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि मग ती आत गेली. अशा गोष्टींची तिला लहानपणापासून किळस.

नर्सनं स्वतःचीच लघवी दिली असती, पण पाठीसाठी ती जी गोळी घ्यायची, ती या तपासणीत गर्दसारखीच दिसते. घरात तिसरं कुणी नव्हतं. ती बाटली आता तिच्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला होती. नमुना गार असला तर लॅबवाले परत पाठवतात.

दार उघडलं. धाकट्यानं त्याची बाटली पुढे केली.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "मी स्वच्छ आहे. तुझा तरी विश्वास आहे ना?"

"आहे रे," ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती थांबली नाही.

"मग आता बोलू? माझं नाहीये, दुसरंच आहे."

"निकाल लागू दे म्हटलं ना."

सामानाच्या खोलीत जाऊन तिनं कडी लावली. भावाची बाटली मोरीत ओतली, नळाखाली विसळली आणि खिशातली तिच्यात रिकामी केली. झाकणावर सील नीट दाबून चिकटवलं. सुटलास बाबा, ती मनात म्हणाली.

दुपारभर तिला बसवेना. दोन वेळा चहा केला, दोन्ही वेळा तसाच राहिला. धाकटा बाहेरच्या बाकावर बसून होता. ती दिसली की उठायचा, ती मान वळवून निघून जायची.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. ते कागद वाचत होते आणि वर बघत नव्हते.

"वाईट वाटतं," शेवटी ते म्हणाले. "गर्द आहे. थोडंथोडकं नाही, रोजचं असावं."

धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. "शक्यच नाही, डॉक्टर. पोराची शपथ, मी हात लावलेला नाही."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. माणूस खोटं बोलतोय असं त्यांना दिसेना. मग ते नर्सकडे वळले.

"सिस्टर, नमुना तुम्हीच घेतलात. खरं सांगा, हा यांचाच आहे ना?"